उद्यापासून बास

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही गावच्या देवळात भरणाऱ्या शाळेत. पहिली वेलांटी की दुसरी, हे तेव्हाही मी गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायची. अक्षरही वाईट आहे. ओळ डावीकडून निघते ती उजवीकडे पोचेपर्यंत खाली उतरते. खानावळीच्या वहीची मागची पानं कोरी होती म्हणून त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. तरी कोणाच्या हाती पडलंच तर चुकांबद्दल माफी असावी. एका चुकीला मात्र माफी मागून भागणार नाही, आणि तीही लिहिण्यातलीच आहे. ती पुढे येईल.

धाकू घाडी गिरणीचा भोंगा हाताने ऐकत.

परळला भोईवाड्यात आमची एक खोली. त्या खोलीत मी सात गिरणी कामगारांना जेवू घालायची. त्यांतले एक धाकूभावजी. सकाळी चहा घेतला की ते डावा तळवा भिंतीला लावत, डोळे मिटत आणि थोड्या वेळाने म्हणत, "वाजलो." भिंतीपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे गिरणी. भोंगा आम्हा सगळ्यांचे कान फोडून गेलेला असे. पण भावजींचं "वाजलो" झाल्याशिवाय कोणी उठत नसे. आधी ती चेष्टा होती, मग सवय झाली. सुट्टीच्या दिवशीही ते विसरून तळवा लावत. भिंत गप्प असे. मग ते तिच्याकडे असे बघत, जणू तिला रात्रीपासून बरं नाही.

वीस वर्षं कपडाखात्यात मागांवर काढली होती त्यांनी. त्या खात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ हलवून. आवाजाचा उपयोगच नाही. तिथे सगळ्यांचेच कान थोडेथोडे जातात, भावजींचे पुरते गेले. ओठ बघून ते सगळं समजत. म्हणून माझं त्यांच्याशी जमलं असावं. मला चारचौघांत मोठ्याने बोलता येत नाही. त्यांच्याशी मोठ्याने बोलायची गरजच नव्हती.

कान जायच्या आधी ते भजनात गात. गळा चांगला होता म्हणतात. एका एकादशीला ते एकटेच वेगळ्या पट्टीत गात राहिले आणि सगळे थांबले तरी त्यांना कळलं नाही. तेव्हापासून गाणं सुटलं. पण सूर डोक्यातून गेला नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "खालचा वाढा." आमटी वाढायला गेलं की वरची नको, खालची. भातसुद्धा तळाचा, करपलेला. "वयनी, वरसून सगळ्यांका मिळता. खाली काय आसा ता कोण बघता?" इतर मंडळी हसत. मी पळी तळाशी घालून ढवळत असे.

एकदा ते गिरगावात कोणा गाववाल्याकडे गेले होते. तिथे एका हॉलमध्ये ख्रिस्ती लोकांचं लग्न होतं आणि आत बँड वाजत होता. भावजी रस्त्यावर उभे. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, नुसते हात हलताना दिसत होते. आणि एकाएकी, त्यांच्याच शब्दांत, "छातीत कोणीतरी दार ठोकल्यान." पुन्हा ठोकलं. पुन्हा. ते थेट आत घुसले. कपाटाएवढं एक सारंगीसारखं वाद्य उभं धरून एक म्हातारा गोवेकर जाड तारा बोटांनी ओढत होता. गाणं संपल्यावर भावजींनी खुणेने विचारलं, हे काय? म्हातारा म्हणाला, "बास."

भावजींना वाटलं, पुरे कर, निघ म्हणतोय. नमस्कार करून ते निमूट बाहेर पडले. परळला पोचेपर्यंत वाईट वाटत राहिलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, तेव्हा कळलं की त्या वाद्याचं नावच बास. ही गोष्ट त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितली, आणि दर वेळी "बास" म्हणताना ते स्वतःच आधी हसत.

त्याच म्हाताऱ्याने पुढे चोरबाजारातला एक मोडका बास दाखवला. पाठीला चीर, मान तुटून पुन्हा चिकटवलेली, तारा नाहीत. दुकानदार म्हणाला चाळीस रुपये. भावजींकडे चार होते.

माझ्याकडे चाळीस होते. संपाच्या वेळी माझ्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या विकाव्या लागल्या, तेव्हापासून मी नुसते काळे मणी घालत होते. वाट्या पुन्हा करायच्या म्हणून पापडाच्या डब्यात तळाशी पैसे साठवले होते. आमच्या ह्यांना ठाऊक नव्हतं. भावजींनी मागितले नव्हते. ते फक्त जेवताना जमिनीवर तळवा ठेवून बसले होते आणि जेवत नव्हते. मी डबा काढला. तळातून, त्यांच्या आवडीप्रमाणे.

ते म्हणाले, दर पगाराला आठ आणे. मी मान हलवली.

आता बास आला, पण ठेवायचा कुठे? भावजी ज्या गाळ्यात राहत, तिथे अठरा माणसं पाळ्यांनी झोपत. एक उठला की त्याच जागी दुसरा. गाळ्यातल्या मंडळींनी हिशेब मांडला की हे वाद्य एका माणसाची जागा खातं, तर त्याने माणसासारखं भाडं द्यावं. शिवाय हा कामाला जात नाही, म्हणजे तिन्ही पाळ्यांचं द्यावं. भावजी म्हणाले, मी गॅलरीत झोपतो, माझ्या जागी बास झोपेल. महिनाभर तसं चाललं. मग गॅलरीवाल्यांनीही भाडं मागितलं, आणि बास आमच्या खोलीत आला.

मी त्याच्यावर माझं जुनं लुगडं घातलं, धूर लागू नये म्हणून. तोंड भिंतीकडे करून तो कोपऱ्यात उभा असे. गावाहून नवीनच आलेला एक मेंबर पहिल्या दिवशी दोन घास खाऊन थांबला आणि कोपऱ्याकडे बघून अदबीने म्हणाला, "आजी, तुमी पण बसा की." सगळे भात उडेपर्यंत हसले. आमचे हे म्हणाले, "त्यांना म्हणावं उभ्याच बऱ्या. बसल्या तर आपण कुठे बसायचं?" ह्यांना त्या दिवसांत गैरहजर कामगाराच्या जागी बदलीचं काम मिळे, तेही मिळालं तर. त्या महिन्यात हे हसलेले मला तेवढेच आठवतात.

तारांचे पैसे नव्हतेच. गाद्या पिंजायला पिंजारी यायचा. त्याच्या धनुकलीची जुनी तांत, म्हणजे ताणलेली दोरी, भावजींनी चहा पाजून मिळवली. आतड्याची ती. तिचे दोन तुकडे करून दोन तारा ताणल्या. चार खुंट्यांतल्या दोन रिकाम्या राहिल्या. कोणी विचारलं तर म्हणत, "माणसाक किती सूर लागतत? एक जाताना, एक येताना." वाजवताना ते छाती लाकडाला टेकवत आणि हनुवटी मानेवर. बुटके होते, नावाप्रमाणे. वाद्य त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. समोरून बघताना वाटे, कोणी तरी कोणाला धरून रडतं आहे.

हे संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गल्लोगल्ली सभा, आणि सभेआधी पोवाडे, गाणी. आमच्या चाळीचं कलापथक होतं. ते चालवणारे मास्तर रात्रशाळेत शिकवत आणि स्वतः पोवाडे रचत. डफ, ढोलकी, तुणतुणं, झांज एवढा त्यांचा सरंजाम. भावजी बास घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. मास्तर भिडस्त. नाही म्हणता येईना. म्हणाले, या, मागे उभे राहा.

ढोलकी ऐकू येत नसल्याने भावजी ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघून वाजवत. हात पडला की तार ओढायची. बहुतेक वेळा जमे. पण ढोलकीवाल्याने कान खाजवला तरी तार वाजे. लालबागच्या एका सभेत त्याने मानेवरचा डास मारला. त्या वेळी मास्तर हुतात्म्यांचं नाव घेऊन डोळे मिटून थांबले होते. सगळी सभा गप्प होती. त्या शांततेत मागून "धम्म" झालं. मास्तर पुढे दोन दिवस ढोलकीवाल्याशी बोलले नाहीत. भावजींना ते काहीच म्हणाले नाहीत.

ट्राममध्ये बास घेत नसत. लुगड्यात गुंडाळून डोक्यावर घेऊन भावजी चालत. त्या दिवसांत पोलिसांना प्रत्येक गाठोड्याचा संशय. चिंचपोकळीच्या पुलावर हवालदाराने अडवलं. विचारलं, "काय आहे?"

"बास."

"बास कसं? आत्ता कुठे विचारायला लागलोय."

"बास ओ, साहेब. बास."

दोन तास चौकीत बसवलं. सोडलं ते एक तार वाजवून दाखवल्यावर. हवालदार म्हणाला म्हणे, "आता खरंच बास." ही गोष्टही भावजी हसत सांगत.

गोळीबार झाला त्या दिवशी ते आमच्याकडेच जेवायला बसले होते. बाहेर आवाज सुरू झाले तशी मी दार लावलं. त्यांनी सवयीने तळवा भिंतीला लावला आणि म्हणाले, "वयनी, रस्त्यार कोणतरी दरवाजे आपटता." कोणालाच ओठ हलवून सांगवेना. शेवटी ह्यांनी बोटांनी बंदूक करून दाखवली. भावजींनी हात काढला नाही. संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. चाळीतला एक तरुण त्या दिवशी परत आला नाही. त्यानंतर बरेच दिवस ते "वाजलो" म्हणायचे थांबले. भोंगा होई, ते नुसते उठून जात.

चार वर्षं अशी गेली. सभेत पोरं कंटाळली की ओरडत, "बास! बास!" भावजींना ओठ दिसत. ते पुढे येऊन वाकून नमस्कार करत आणि आणखी जोरात वाजवत. हे हळूहळू पसरलं. मग लोक मुद्दामच ओरडू लागले. मी बायकांत बसलेली असायची. माझे कान गरम व्हायचे. घरी येताना भावजी म्हणत, "बघलात? नाव घेवन बोलवतत." मी मान हलवायची.

शेवटी महाराष्ट्र मिळाला. चाळींना तोरणं लागली. आमच्या चाळीच्या चौकात कलापथकाचा मोठा कार्यक्रम ठरला. बाहेरून मोठे पाहुणे येणार होते. आदल्या दुपारी मास्तर आमच्या दारात आले. आत येईनात. उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "वहिनी, धाकूला तुम्ही सांगा. उद्या नको. पाहुण्यांसमोर पोरं पुन्हा तसंच करतील. माझ्याने त्याच्या तोंडावर सांगवत नाही."

मी म्हटलं, माझ्याने तरी कसं सांगवेल?

ते म्हणाले, लिहून द्या. उद्या येऊ नका, वाद्य आणू नका, यापुढे बास, एवढंच लिहा. आणि मी काही म्हणायच्या आत निघून गेले. जाताना त्यांनी डोळे पुसले. मास्तर वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम लिहिते.

मी पेन्सील घेऊन बसले. "येऊ नका" लिहायचं होतं. त्यातला उ पहिला की दुसरा, ते आठवेना. खरं सांगते, आठवत होतं. हात चालत नव्हता. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा थुंकी लावून पुसलं. कागदाला भोक पडलं. मग दुसऱ्या कपट्यावर दोन शब्द लिहिले.

"उद्यापासून बास."

मला वाटलं, यात सगळं आलं. नको म्हणायचं म्हटलं, आणि नको हा शब्दही टळला. रात्री जेवताना ताटाखाली ठेवला. भावजींनी तो काढला, उजेडाकडे धरला, ओठ हलवत वाचला. मग घडी करून टोपीत ठेवला आणि ताट पुढे करून म्हणाले, "खालचा वाढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोबरेल मागायला आले. कोपऱ्यातला बास काढून त्याला तेल लावत बसले. चिरेत बोट घालून घालून लावत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय लिहिलं ते. उद्यापासून पुरे, असं मी लिहिलं होतं. त्यांनी वाचलं, उद्यापासून बास. वाद्याचं नावही तेच, पुरे म्हणायचा शब्दही तोच, आणि ओठांवर काय की कागदावर काय, दोन्ही सारखेच दिसतात. त्यांच्यापुढे जाऊन नुसते ओठ हलवायचे होते. मी आमटी ढवळत राहिले. तळाशी काही नव्हतं, तरी ढवळत राहिले.

संध्याकाळी ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून बाससकट चौकात हजर. मास्तरांनी वर गॅलरीत माझ्याकडे बघितलं. मी खांबाआड झाले. त्यांनी भावजींना फळ्यांच्या त्या स्टेजच्या अगदी कडेला उभं केलं.

पहिलं गाणं निभलं. दुसऱ्यात ढोलकीवाल्याने पाहुण्यांना नमस्कार करायला हात जोडले आणि बास वाजला. एकजण हसला. मग कोपऱ्यातून आलं, "बास!" मग चौकभर. खालच्या मजल्यापासून वरच्यापर्यंत टाळ्यांच्या ठेक्यावर, "बास! बास! बास!" पाहुणेही हसू लागले, त्यांना वाटलं ही इथली काही पद्धत असेल. मास्तरांनी डफ खाली ठेवला. बाकीचेही थांबले. भावजी पुढे आले, वाकून नमस्कार केला आणि एकटेच वाजवायला लागले. एक जाताना, एक येताना. कोणी तरी शेंगांची टरफलं फेकली. त्यांच्या खांद्यावर पडली, त्यांनी झटकली नाहीत.

स्टेजच्या फळ्या आमच्या गॅलरीच्या खांबांना बांधल्या होत्या. मी कठड्यावर हात ठेवून उभी होते. एवढ्या गलक्यात मला बास ऐकू येत नव्हता, कोणालाच येत नव्हता. पण तळव्याला कळत होता. लाकडातून वर येत होता. दार ठोकल्यासारखा. मी हात काढला नाही.

वाजवून झाल्यावर त्यांनी पुन्हा नमस्कार केला, बास डोक्यावर घेतला आणि आमच्या खोलीत आणून कोपऱ्यात ठेवला, तोंड भिंतीकडे करून. लुगडंही त्यांनीच घातलं. त्या दिवसानंतर ते कुठेच वाजवायला गेले नाहीत. मास्तरांनी विचारलं नाही आणि भावजींनीही विचारलं नाही. दर पगाराला आठ आणे मात्र देत. मी वहीत टिंब करायची.

असे सहा-सात महिने गेले. एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी बासवरचं लुगडं काढलं, नीट घडी घालून माझ्याकडे दिलं आणि वाद्य घेऊन निघाले. विचारलं तर म्हणाले, गिरगावात तो म्हातारा गोवेकर, त्याच्याकडे. विकतो आहे.

मी म्हटलं, पैशांची घाई नाही, भावजी. चालतील.

ते थांबले. माझ्या ओठांकडे बघत होते. मग टोपी काढली आणि आतून तो कपटा काढून माझ्यापुढे धरला. घडीवर काळा पडला होता. माझी ओळ उजवीकडे खाली उतरलेली.

"वयनी, यातलो बास खयचो, ता माका तेवाच कळला."

मी म्हटलं, मग आलात कशाला?

ते जमिनीवर टेकले. म्हणाले, त्यांची बायको गावी वारली, तेव्हा निरोप घेऊन गाववाला गिरणीच्या दारात आला होता. गर्दीत त्याने कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ओठ दिसले नाहीत. भावजींनी बरं बरं म्हणून मान हलवली आणि पाळीवर गेले. तीन दिवसांनी गाळ्यातल्या कोणी तरी विचारलं, गावाला गेला नाहीस? तेव्हा कळलं.

"माका आजपर्यंत कोणी चिठी लिवक नाय, वयनी. ही पयली." कपटा त्यांनी पुन्हा टोपीत घातला. "तुमी 'येव नको' असा लिवला असतात, तर मी येवक नसतंय. पण तुमका 'नको' लिवाक जमाक नाय. ता मी वाचलंय. म्हटलंय, एकदा वाजवन घेव."

आणि चौकात ते ओरडत होते, ते? मी विचारलं.

"चार वर्सा ओरडतत. वीस वर्सा ओठ वाचून दिवस काढलंय मी." ते हसले. "पण बाहेरचो माणूस बघल्यान, तर त्येका वाटतला, नाव घेवन बोलवतत."

बास डोक्यावर घेऊन ते गेले. संध्याकाळी परत आले ते रिकाम्या हातांनी, आणि आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीजवळ बसले. कोपऱ्याकडे बघितलं नाही. कोपरा एवढा मोठा आहे हे मलाही तेव्हाच दिसलं. त्यांनी धोतराच्या कनवटीतून पैसे काढले आणि माझ्यापुढे जमिनीवर एकेक करून मांडले. मी वही आणली, टिंबं मोजली, नोटा आणि नाणी मोजली. चाळीस पुरे झाले होते. ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते, पुन्हा एकदा मोजायचे का म्हणून.

मी मान वर केली आणि त्यांना नीट दिसेल असं, सावकाश म्हणाले, "बास."